पान १९ वरची भूमिका

सेक्रेटरी काका: मंडळी, गणपतीतल्या एकांकिकेचं ठरवायचंय. ५०३ च्या ताईने लिहिलेली संहिता काल ग्रुपवर टाकली आहे, २२ पानं. वाचून जे वाटेल ते इथेच बोला, ऐन तालमीच्या वेळी फाटे नकोत. आणि आज संध्याकाळचं पाणी अर्धा तास उशिरा येणार आहे.

३०२ वहिनी: एका बैठकीत वाचली गं. दुसऱ्या महायुद्धाच्या आदल्या रात्रीची हेरकथा आपल्या परळच्या मांडवात, कल्पनाच अंगावर येते. पण पोलंड, जर्मनी, ती अवघड नावं, लोकांना झेपेल का? बहिर्जी नाईक घेतला असतास तर पोरंसोरं पुढे येऊन बसली असती.

५०३ ताई: वहिनी, बहिर्जी मलाही आवडतात, पुढच्या वर्षी नक्की करू. या रात्रीने मात्र मला झोपू दिलं नाही. हेर म्हटला की तो शत्रूच्या गोटातून खबर आणतो. इथे हेरांना खबर जन्माला घालायची होती. ३१ ऑगस्ट १९३९, रात्री आठ. ग्लायविट्झ नावाचं गाव, तेव्हा जर्मनीत, पोलंडच्या सीमेला लागून. आता ते पोलंडमध्ये आहे, ग्लिवित्से. हिटलरच्या एसएस या निमलष्करी दलातल्या आल्फ्रेड नाउयॉक्सने पाच-सहा माणसं घेऊन तिथल्या रेडिओ केंद्रावर धाड घातली. स्वतःच्याच देशाच्या केंद्रावर! पोलिश बंडखोरांनी हल्ला केला असं जगाला ऐकवायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी पोलंडवर चालून जायला कारण मिळतं.

६०२ दादा: मला जाम आवडलं. पण पहिली आठ पानं तो नाउयॉक्स नुसता फोनपाशी बसलाय. पब्लिक उठून जाईल. धाडीपासून सुरू कर ना. पिस्तुलं, धूर, अंधार. धुराचं मशीन मी आणतो.

५०३ ताई: दादा, तो खरंच तसा बसला होता. दोन आठवडे त्याच गावात, हुकुमाची वाट बघत. पोलंडवरचा हल्ला आधी २६ ऑगस्टच्या पहाटे व्हायचा होता. २५ ला ब्रिटन आणि पोलंडचा करार झाला, इटलीच्या मुसोलिनीनेही हात वर केले आणि हिटलरने तारीख पुढे ढकलली. मग ३१ ला त्याचा वरिष्ठ हाइड्रिख, त्याचा फोन. सांकेतिक शब्द काय, तर ‘आजी वारली’. आपल्याकडे असा फोन आला की माणूस मटकन खाली बसतो. तिथे तो ऐकून माणसं कामाला लागली. म्हणून फोन हवाच.

३०४ काका: मी ३२ वर्षं ट्रान्समीटरवर काढली, म्हणून पान १४ बद्दल बोलतो. पोरी, तू ते अचूक लिहिलंयस. लोकांना वाटतं, रेडिओ केंद्र म्हणजे आत गेलं की समोर माइक. तसं नसतं. ग्लायविट्झला होतं ते प्रक्षेपण केंद्र. कार्यक्रम ब्रेस्लाऊ शहराहून तारेने यायचा आणि इथून नुसता हवेत सोडला जायचा. बोलायला स्टुडिओच नाही. हे लोक आत घुसले, कर्मचाऱ्यांना बांधलं आणि मग माइक शोधत बसले. शेवटी वादळाची सूचना द्यायला ठेवलेला एक माइक सापडला. त्यावरून पोलिश भाषेत काय गेलं, तर ‘लक्ष द्या, हे ग्लिवित्से, रेडिओ केंद्र पोलिश लोकांच्या ताब्यात आहे.’ पुढचं भाषण लोकांपर्यंत धड पोचलंच नाही. हा प्रवेश घाईत उरकू नका. माइक शोधतानाची धांदल दिसू दे, खरा थरार तिथेच आहे.

आणि नेपथ्यात तो मनोरा हवा. लार्च लाकडाचा आहे, १११ मीटर, जोडायला पितळी बोल्ट. आपल्या सात मजल्यांसारख्या पाच बिल्डिंगा एकावर एक ठेवा, तेवढा. अजून उभा आहे.

६०२ दादा: काका, हे भारीच. ठीक आहे, फोन राहू दे.

२०४ अप्पा: मी काल रात्रीच वाचली. सकाळपासून चारदा लिहायला घेतलं आणि खोडलं.

बाळ, तुझ्या पान १९ वर पात्रांत शेवटची ओळ अशी आहे: ‘मृतदेह. संवाद नाहीत. कोणीही चालेल.’

मी रेल्वेत असताना काही वर्षं अपघातांच्या नोंदी माझ्याकडे होत्या. ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे ४०, अंगात निळा शर्ट.’ खिशात बऱ्याचदा पास असायचा, पण भिजून फोटो गेलेला. ती ओळ लिहून रजिस्टर मिटलं की डबा उघडायची इच्छा व्हायची नाही. पुढे कधी कोणाचा भाऊ, कोणाची बायको येऊन ओळख पटवायची आणि मी लाल शाईने वर नाव लिहायचो. ती लाल अक्षरं मला आजही आठवतात.

तुझ्या मृतदेहालाही नाव आहे. फ्रान्चिशेक होनिओक. वय ४३. सायलेशिया म्हणजे त्याच सीमाभागातला माणूस, कागदोपत्री जर्मन, मनाने पोलिश. तिथल्या जर्मनांविरुद्धच्या १९२१ च्या उठावात पोलंडच्या बाजूने लढलेला, म्हणूनच हेरून उचलला. ३० ऑगस्टला अटक. दुसऱ्या दिवशी औषध देऊन बेशुद्ध केला, केंद्रावर आणून टाकला. गोळ्या घातल्या. हल्लेखोरांपैकी एक इथे मेला, असा पुरावा म्हणून. अशा माणसांना त्या लोकांनी सांकेतिक नाव काय दिलं होतं? ‘डबाबंद माल’.

नोव्हेंबर १९४५ मध्ये नाउयॉक्सने न्यूरेंबर्गला नाझी पुढाऱ्यांवर चाललेल्या खटल्यासाठी जबानी दिली. त्यात तो म्हणतो, मी या माणसाला ताब्यात घेतलं आणि दारापाशी झोपवलं, तो जिवंत होता, पण पूर्ण बेशुद्ध होता. हाइड्रिखचं नाव आहे, गेस्टापो या गुप्त पोलिसांच्या म्यूलरचं आहे. या माणसाचं नाही.

महायुद्धाचा पहिला बळी म्हणून आज बरेच जण त्याचंच नाव घेतात. मग आपल्या मांडवात ‘कोणीही चालेल’ असं नको. नाव घ्या त्याचं. एवढंच मागतो.

३०२ वहिनी: अप्पा 🙏 वाचून हातातलं काम थांबलं.

१०१ माई: माझं माहेर कोल्हापूर. आई सांगायची, वळिवड्याला पोलंडच्या लोकांची छावणी होती, १९४३ पासून ४८ पर्यंत, पाचेक हजार माणसं, जास्ती बायका आणि मुलं. आता तिथे गांधीनगरचा कापडबाजार आहे. पोरांचे सोनेरी केस बघायला गावातली मुलं कुंपणाशी जायची म्हणे. ते लोक या रात्रीमुळेच बेघर झाले का गं?

५०३ ताई: माई, हो, पण वळसा घेऊन. १ सप्टेंबरला पश्चिमेकडून जर्मनी आली आणि १७ सप्टेंबरला पूर्वेकडून रशिया. वळिवड्याला आले ते बहुतेक पूर्वेकडचे, रशियाने सैबेरियात हाकलून दिलेले. तिथून सुटून इराणमार्गे आपल्याकडे. वहिनी, पोलंड तेवढं लांब नाही, बघा.

३०२ वहिनी: पटलं. बहिर्जी पुढच्या वर्षी.

६०२ दादा: एक शंका आहे, राग मानू नका अप्पा. होनिओक सुरुवातीलाच दाखवला आणि तो मरणार हे लोकांना कळलं, तर रहस्य काय उरलं?

३०४ काका: अरे, शेजारच्या खोलीत तो बेशुद्ध पडलाय हे प्रेक्षकाला माहीत असेल आणि फोन वाजेल, तेव्हा बघ कसं होतं ते. न वाजो, असं वाटेल.

५०३ ताई: अप्पा, चुकलंच माझं. ‘मृतदेह’ खोडलं, नाव लिहिलं. अटकेचा प्रवेश सुरुवातीला आणते. फक्त त्याच्या तोंडी वाक्य घालणार नाही. त्या दिवशी तो काय बोलला ते मी मनाने रचायचं, हे मला धजत नाही. त्याने नुसतं उंबऱ्यातून बाहेर यावं. आणि शेवटी हिटलरचं १ सप्टेंबरचं भाषण ठेवते. ‘पहाटे ५:४५ पासून आम्ही उलट गोळीबार करतो आहोत.’ खरं तर तासभर आधीच त्यांच्या तोफा सुरू झाल्या होत्या.

२०४ अप्पा: उंबऱ्यातून बाहेर येणं पुरेसं आहे, बाळ.

६०२ दादा: तो कोण करणार? मला गेल्या महिन्यात ४३ पूर्ण झाली. संवाद नसले तरी चालेल. नाउयॉक्स दुसऱ्या कोणाला द्या.

सेक्रेटरी काका: नोंद केली. तालीम रविवारी सकाळी नऊला, गच्चीवर. प्रयोगाच्या दिवशी दहाच्या आत स्पीकर बंद करायचा आहे, त्या हिशोबाने पानं बसवा. अप्पा, लिफ्ट रविवारपर्यंत दुरुस्त होईल. नाही झाली तर तालीम तुमच्या मजल्यावर घेऊ.