घाईने सही करू नका

तुमच्या भावाला पुण्यात नवले पुलाजवळ ट्रकने उडवलं आणि मालकाचा माणूस रोख रक्कम घेऊन 'मिटवून टाका' म्हणतोय, हे वाचून राहवलं नाही. कृपा करून कशावरही सही करू नका. माझ्या मामांनी केली होती. पुढे पायाच्या दोन शस्त्रक्रिया झाल्या आणि खर्च घरच्यांवर पडला.

कात्रजच्या नव्या बोगद्यानंतर नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर काही ट्रकचालक डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. मग इंजिनाची अडवणूक उरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि निकामी होतात. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये तिथेच ४८ गाड्यांचं नुकसान झालं होतं. म्हणून 'ब्रेक फेल झाला' एवढं ऐकून गप्प बसू नका.

एफआयआर, पंचनामा, दवाखान्याची बिलं, पगाराच्या पावत्या जपून ठेवा. नुकसानभरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात जातो, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात दाव्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, तेव्हा वकील याच आठवड्यात गाठा. परवडत नसेल तर शिवाजीनगर न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा. भाऊ आता शुद्धीवर आहेत का?