कुत्रीला दीड महिना रक्त जातंय, टीव्हीटीवर विनक्रिस्टीन द्यावं का?

प्रश्न (जुळे सोलापूर):
गावठी कुत्री, ३ वर्षं, १५ किलो. लघवीच्या जागेतून दीड महिना रक्त ठिबकतंय. माज समजून थांबलो. आता आत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी लाल गाठ दिसते. डॉक्टरांनी टीव्हीटी (कुत्र्यांत मिलनातून पसरणारी कॅन्सरची गाठ) सांगून आठवड्याला एक अशी ४ ते ६ विनक्रिस्टीन (केमोथेरपीचं औषध) इंजेक्शनं लिहिली. झेपेल का? की सरळ कापून काढावी?

उत्तर १:
ताई, कापायची घाई नको. नुसती कापलेली टीव्हीटी बऱ्याचदा परत उगवते, औषधाला मात्र छान विरघळते. आधी गाठीवर काच टेकवून स्लाइड तपासून घ्या. गोल पेशी आणि त्यांच्यात बुडबुड्यांसारख्या पोकळ्या दिसल्या की निदान पक्कं. ही गाठ मिलनातून, हुंगण्या-चाटण्यातून पसरते, म्हणजे जिवंत पेशीच दुसऱ्या कुत्र्यात रुजतात. गाठ पूर्ण जाईपर्यंत तिला मोकळं सोडू नका. माणसाला होत नाही.

विनक्रिस्टीनची मात्रा अंगाच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावरून काढतात, दर चौरस मीटरला ०.५ ते ०.७ मिलिग्रॅम. १५ किलोला ०.३ ते ०.४३ मिलिग्रॅम, १ मिलिग्रॅमची अख्खी बाटली नव्हे.

उत्तर २:
खरी भीती शिरेची. औषध शिरेबाहेर सांडलं तर कातडी काळी पडून सडते. म्हणून कॅन्युला (शिरेत बसवायची बारीक नळी) ताजी हवी, आधी सलाईन सोडून शीर नीट चालते का ते बघायचं, आणि कुत्री हलता कामा नये. सांडलंच तर सुई लगेच उपसू नये. तिच्यातूनच जमेल तेवढं औषध मागे ओढायचं, मग कोमट शेक. बर्फ लावू नका, इथे तो उलटतो.

प्रत्येक डोसआधी रक्त तपासा. पांढऱ्या पेशी ४,००० च्या खाली असतील तर डोस पुढे ढकलतात. बुरशीसाठी इट्राकोनॅझोल चालू असेल तर आधी सांगा, त्याने विनक्रिस्टीनचा विषारी परिणाम वाढतो.

प्रश्नकर्ती:
बाटली मेडिकलमधून आपणच आणायची आहे. या उन्हात?

उत्तर १:
२ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. थर्मासमध्ये बर्फाची पिशवी, वर फडकं, त्यावर बाटली. गोठू देऊ नका. डोसनंतर काही दिवस शी-शू हातमोजे घालून उचला, घरात गरोदर बाई असेल तर तिने लांब राहावं. कडक भाकरी बंद. मऊ भात, उकडलेलं अंडं, भरपूर पाणी, कारण शी घट्ट होते.

उत्तर ३:
दोन डोसांत रक्त थांबतं आणि लोक तिथेच सोडतात. आत मुगाएवढा गोळा उरला तरी पुन्हा वाढतो. गाठ पूर्ण गेल्याचं डॉक्टरांनी बोटाने चाचपून सांगेपर्यंत चालू ठेवा. नसबंदी त्यानंतर, रक्ताचा रिपोर्ट सुधारल्यावर.