पंचविशीतलं वजन: इंदूरच्या मुलींनो, अनुभव लिहा

रामबागची लेक: भाची सुपर कॉरिडॉरवर नोकरीला लागलीये. परवा रात्री दहाला घरी आली, ताटाकडे बघून म्हणाली, "मावशी, आजपासून रात्रीचं जेवण बंद. वजन वाढतंय." पोटात कालवलं. माझी पहिली नोकरी आठवली: नुसत्या चहावर निघायचं, दिवसभर खुर्ची, रात्री मैत्रिणींबरोबर सराफ्याच्या खाऊगल्लीत. वर्षभरात एक कुर्ता अंगात शिरेना. उपास करून काही उतरलं नाही, चिडचिड तेवढी वाढली. डबा न्यायला लागले, रात्रीचं आठच्या आत जेवायला लागले, तेव्हा हळूहळू फरक पडला. तुमचंही लिहा, तिला वाचायला देणार आहे.

जिरावन: पोह्यांना नावं ठेवू नका कोणी! वर मूठभर सेव, सोबत जलेबी आणि मग "एक कचोरी घेऊच", तिथे बिघडतं. मी घरी मटार-शेंगदाणे घालून करते, जिरावन मसाला भरपूर, सेव चमचाभर, बरोबर उकडलेलं अंडं. दुपारपर्यंत भूक नाही.

भंवरकुआं हॉस्टेल: आणि झोप?? कोचिंग, मग तीनपर्यंत वाचन, मग मॅगी. झोप कमी पडली की भूक लावणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन कमी होतं. सात तास झोपायला लागले तर रात्रीची मॅगी आपोआप सुटली.

सुदामानगर आत्या: लग्नकार्यात "भरलीस गं" म्हणणं आधी बंद करा बायांनो. आमच्या लेकीने त्यापायी जेवण सोडलं, जिन्यात चक्कर येऊन पडली. हिमोग्लोबिन पार खाली. अजून राग येतो मला.

रामबागची लेक: आत्या, हे वाचून भरून आलं. आता कशी आहे ती?

सुदामानगर आत्या: बरी आहे गं. पोळी-भाजी, वरण सगळं खाते.

विजयनगर: पाळी लांबत असेल तर आधी तपासून घ्या. माझं पीसीओएस निघालं, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी अनियमित होते तो त्रास. थायरॉइडही बघितलं, ते ठीक. डॉक्टर म्हणाल्या, वजन ५ ते १० टक्के उतरलं तरी पाळीत फरक पडू शकतो. मला पडला.

जिरावन: कोणत्या डॉक्टर? मेसेज कर ना

विजयनगर: केला

फिजिओताई: पेशंट यायच्या आत लिहिते. नुसता काटा बघू नका. आपल्याकडे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २३ पासून जास्त वजन धरतात, २५ पर्यंत थांबत नाहीत. १८.५ च्या खाली असणंही चांगलं नाही. बायकांची कंबर ८० सेंमीच्या आत हवी. आठवड्याला निदान १५० मिनिटं भरभर चालायचं, गाणं म्हणता येणार नाही इतपत. शिवाय दोन दिवस ताकदीचा व्यायाम, जिना-उठाबशा चालतील. पोळीबरोबर डाळ, दही, उसळ वाढवा.

छप्पनची शेजारीण: विषय सोडून विचारते, तळून खायचे गराडू कंद आले का?

जिरावन: थंडी तर पडू दे 😄

भंवरकुआं हॉस्टेल: रीजनल पार्कला सकाळी कोणी जातं का? अंधारात एकटीला नको वाटतं.

सुदामानगर आत्या: एकटी जाऊ नकोस बाळा. उजाडल्यावर जा.

विजयनगर: आम्ही चौघी मेघदूत बागेत असतो, पण तुला लांब पडेल गं.

फिजिओताई: मी राजेंद्रनगरहून रीजनललाच जाते. रविवारी साडेसहाला तिकीट खिडकीपाशी ये. बूट घालून ये हं, चप्पल नको.

भंवरकुआं हॉस्टेल: येते ताई. रूममेटला पण आणू?

फिजिओताई: आण की