'जेंडर'साठी मराठीत काय लिहायचे: लिंग की लिंगभाव?

बोरू: एका प्रशिक्षण पुस्तिकेचा इंग्रजीतून अनुवाद चालू आहे. 'सेक्स' आणि 'जेंडर' एकाच वाक्यात येतात. दोन्हींना 'लिंग' म्हटले की वाक्याला अर्थच उरत नाही. काही ठिकाणी 'लैंगिक समानता' असे छापलेले दिसते, ते चालेल का? आणि व्याकरणातले लिंग नि हे लिंग एकच कसे?

शब्दखूण: शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. संस्कृतात 'लिङ्ग' म्हणजे खूण. न्यायशास्त्रात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रात, डोंगरावरचा धूर हे अग्नीचे लिंग, म्हणजे न दिसणारी गोष्ट जिच्यावरून ओळखायची ती खूण. देहाचा अर्थ आणि व्याकरणाचा अर्थ दोन्ही यातूनच निघाले. व्याकरणातल्या लिंगाचे देहाशी नाते किती सैल असते ते पाहा: पत्नीसाठी संस्कृतात भार्या स्त्रीलिंगी, कलत्र नपुंसकलिंगी आणि दार चक्क पुल्लिंगी, तोही नेहमी बहुवचनात.

'जेंडर'ची वाट निराळी. लॅटिन 'जेनुस' म्हणजे कूळ, प्रकार. तिथून जुन्या फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. आपले जन, जन्म, जाती त्याचेच दूरचे भाऊबंद. इंग्रजीतही तो दीर्घकाळ मुख्यतः व्याकरणाचा शब्द होता. १९५५ मध्ये मानसशास्त्रज्ञ जॉन मनी यांनी 'जेंडर रोल' ही संज्ञा वापरली. पुढे १९७२ मध्ये ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ अ‍ॅन ओकली यांनी शरीराचे ते सेक्स आणि समाजाने घडवलेले ते जेंडर, ही फोड ठळकपणे मांडली.

काना_मात्रा: म्हणून पुस्तिकेत सेक्स = लिंग आणि जेंडर = लिंगभाव, हे पहिल्याच पानावर एका ओळीत सांगा आणि शेवटपर्यंत पाळा. मध्येच 'लिंगभेद' आणू नका. त्याचा अर्थ फरकही होतो आणि भेदभावही.

'लैंगिक समानता' टाळाच. 'लैंगिक' म्हटले की वाचकाच्या डोक्यात लैंगिक छळ, लैंगिक शिक्षण येते, म्हणजे शरीरसंबंधांचा विषय. 'लिंगभाव समानता' लिहा. गावच्या बैठकीत वाचायचा मजकूर असेल तर सरळ 'स्त्री-पुरुष समानता'. पण मजकुरात तृतीयपंथी व्यक्तीही असतील तर हा पर्याय अपुरा पडतो. उलट बाजूची चूकही होते: गर्भलिंगनिदान, लिंग गुणोत्तर इथे 'लिंगभाव' घुसवू नका. सोनोग्राफीत लिंग कळते, लिंगभाव नाही.

बोरू: आणि अर्जातला रकाना?

काना_मात्रा: तिथे 'लिंग' रूढ आहे, तेच ठेवा, अडचण पर्यायांत असते. २०११ च्या जनगणनेत पुरुष, स्त्री यांच्यासोबत 'इतर' होते. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात तृतीयपंथी ओळखीला कायदेशीर मान्यता दिली, तेव्हा 'इतर'ऐवजी 'तृतीयपंथी' असा स्वतंत्र पर्याय लिहिणे अधिक सन्मानाचे. आणि 'श्री./सौ.' छापू नका, फक्त 'नाव' पुरे. 'सौ.'मुळे बाईला आपली वैवाहिक स्थितीही सांगावी लागते, जी अर्जाने विचारलेलीच नसते.

शब्दखूण: क्रियापदेही तपासा. इंग्रजीतल्या 'यू'ला लिंग नाही, मराठीत 'तू आलास का?' म्हणताच समोरचा पुरुष ठरतो. 'तुम्ही आलात का?' दोघांनाही चालते. पण 'तुम्ही थकलेले आहात का?' मध्ये 'थकलेले' पुन्हा पुल्लिंगीच. 'तुम्हाला थकवा वाटतो का?' केले की क्रियापद 'थकवा'प्रमाणे चालते आणि अडचण सुटते. प्रश्नावलीत ही 'तुम्हाला'ची युक्ती फार कामाला येते. मिश्र गटाला 'मुले आली' म्हणा, 'मुलगे आले' म्हटले की मुली गळतात.

आणखी एक: पुल्लिंग, जोडाक्षरी 'ल्ल'. 'पुलिंग' चूक आहे, आणि मुद्रितशोधनात हे सहज निसटते.