सहलीच्या तारखा पुढे गेल्या, ‘नॉन-रिफंडेबल’ विमा गेला का पाण्यात?

गोदाकाठ
नाशिकच्या निफाड-दिंडोरी द्राक्षपट्ट्यात हे दृश्य ठरलेलं आहे. ऑक्टोबरची छाटणी पावसानं लांबते, त्यामुळे काढणी लांबते, आणि फेब्रुवारीच्या प्रवासाची काढलेली दुबई किंवा युरोपची तिकिटं एप्रिल-मेवर ढकलावी लागतात. विमान कंपनी बदलाचं शुल्क घेते आणि तारीख देते. हॉटेलवालाही बऱ्याचदा ऐकतो. प्रवास विमा मात्र ‘नॉन-रिफंडेबल’. चौघांच्या कुटुंबाचा माणशी १,२०० धरला तरी ४,८०० रुपये.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या पॉलिसीची सुरुवातीची तारीख अजून उजाडलेलीच नाही, तिचे पैसे ठेवून घेणं म्हणजे न पेरलेल्या रानाचा खंड वसूल करणं. कंपनीनं जोखीम घेतली कुठे?

पांडवलेणी_पायथा
घेतली. विकत घेतली त्या दिवसापासूनच घेतली.

सिंगल ट्रिप पॉलिसीत दोन घड्याळं चालतात. दवाखाना, सामान हरवणं, पासपोर्ट गहाळ होणं या गोष्टींचं संरक्षण प्रवास सुरू झाल्यावर लागू होतं. पण पॉलिसीत ‘ट्रिप कॅन्सलेशन’ असेल तर ते पॉलिसी निघाल्याक्षणी लागू होतं आणि तुम्ही निघालात की संपतं. जानेवारीत विमा घेतला, एप्रिलचा प्रवास आहे आणि मार्चमध्ये घरात कुणी गंभीर आजारी पडून प्रवास रद्द झाला, तर बुडालेल्या तिकीट-हॉटेलचे पैसे कंपनीला मर्यादेपर्यंत द्यावे लागतात. म्हणजे अडीच महिने रान कसलेलं आहे, तुम्हाला दिसलं नाही एवढंच.

दुसरं, ‘नॉन-रिफंडेबल’ म्हणजे पैसे परत नाहीत. तारीख बदलणार नाही, असा त्याचा अर्थ नाही. निम्मे लोक इथेच चुकतात.

सातपूरकर
पायथाशी सहमत, पण नुसतं तत्त्व सांगून भागत नाही. काम कसं करायचं ते लिहितो.

रद्द करू नका, तारीख सरकवा. विम्याच्या भाषेत याला एंडोर्समेंट म्हणतात. पॉलिसी क्रमांक तोच राहतो, सुरुवात-शेवटच्या तारखा बदललेलं नवं शेड्युल येतं. दिवस तेवढेच असतील तर बहुतेक ठिकाणी जादा पैसे लागत नाहीत, दिवस वाढले तर फरक भरावा लागतो. एकच अट कडक आहे: विनंती जुनी सुरुवातीची तारीख उजाडायच्या आत पोचली पाहिजे. ती उलटली की कंपनीच्या संगणकात पॉलिसी ‘चालू’ होते, आणि चालू पॉलिसीची सुरुवात मागेपुढे करत नाहीत.

मेल तिकिटाच्या पोर्टलला किंवा एजंटला एकट्याला नको, विमा कंपनीच्या ग्राहकसेवेला करा, बाकीच्यांना प्रत. मजकूर एवढाच:

‘पॉलिसी क्रमांक अमुक. सध्याचा कालावधी १० फेब्रुवारी ते २३ फेब्रुवारी. नवा कालावधी २० एप्रिल ते ३ मे. एकूण दिवस १४, बदल नाही. देश आणि प्रवासी तेच. प्रवास सुरू झालेला नाही, कोणताही क्लेम केलेला नाही. पॉलिसी रद्द करायची नाही, फक्त कालावधी पुढे घ्यायचा आहे. सुधारित शेड्युल पाठवावे.’

सोबत नवं तिकीट आणि पासपोर्टचं पहिलं पान. शेवटून दुसरं वाक्य गाळू नका. ‘रद्द करून नवी द्या’ असं लिहिलं की विनंती कॅन्सलेशनच्या रांगेत जाते, तिथे शुल्क कापतात आणि पुढची पॉलिसी त्या दिवशीच्या दरानं घ्यावी लागते.

आणि शुक्रवारी रात्री मेल करून रविवारी सुरू होणारी पॉलिसी सरकेल अशी आशा धरू नये. निदान तीन-चार कामाचे दिवस हातात ठेवा. फोन केला तर तक्रार किंवा विनंती क्रमांक मागून घ्या. तोंडी ‘हो साहेब, झालं’ म्हणजे काहीच झालेलं नसतं.

गोदाकाठ
हे सगळं थेट घेतलेल्या पॉलिसीला लागू. पण लोक विमा घेतात कुठे? तिकीट काढताना खालच्या चौकोनात टिक करून. तिथे तुमच्या नावाची स्वतंत्र पॉलिसीच नसते. पोर्टलच्या नावावर एक मास्टर पॉलिसी असते आणि तुम्हाला मिळतं ते फक्त सर्टिफिकेट, तेही पीएनआरला बांधलेलं. तिकीट रद्द करून नवं काढलं की पीएनआर बदलला, सर्टिफिकेट अधांतरी. ग्राहकसेवा म्हणते पोर्टलला विचारा, पोर्टल म्हणतं कंपनीला. हे कुणाच्या सोयीचं आहे ते सांगायला नको.

पांडवलेणी_पायथा
इथे तुमचं खरं आहे, आणि थोडं आणखी खरं आहे. डार्क पॅटर्न म्हणजे वेबसाइटवर ग्राहकाला चकवणारी मांडणी; केंद्र सरकारच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तिचे १३ प्रकार दिले आहेत. त्यात न विचारता टोपलीत वस्तू टाकणं हा एक, आणि विमानाच्या तिकिटाबरोबर आपोआप जोडलेला प्रवास विमा हे त्याचंच उदाहरण. टिक आधीपासून केलेली दिसली तर स्क्रीनशॉट घ्या आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

पण टिक स्वतः केली असेल तर तक्रार टिकत नाही. तेव्हा एक फरक पाळावा: तिकीट ‘रद्द करून नवं’ काढू नका, त्याच पीएनआरवर ‘रीशेड्युल’ करा. पीएनआर तोच राहिला तर सर्टिफिकेट सरकवून घ्यायला जागा राहते. ते आपोआप सरकेल असं मात्र समजू नका. नव्या तारखेचं सर्टिफिकेट मेलमध्ये आलं तरच सरकलं.

कॉलेजरोड_कट्टा
एवढी उठाठेव हवी कशाला? विमा शेवटीच घ्यावा. निघण्याच्या दोन दिवस आधी, तारखा पक्क्या झाल्यावर. दहा मिनिटांचं काम. ना एंडोर्समेंट, ना रिफंड. फक्त विमानात बसण्याआधी घ्या, कारण परदेशात उतरल्यावर भारतातली नेहमीची पॉलिसी विकत मिळत नाही.

सातपूरकर
मग ट्रिप कॅन्सलेशनचा भाग फुकट घालवलात. दोन दिवसांच्या संरक्षणासाठी तेवढाच प्रीमियम.

कॉलेजरोड_कट्टा
साहेब, त्या भागाची यादी वाचा एकदा. मृत्यू, गंभीर आजार किंवा इस्पितळात दाखल होणं, तेही स्वतःचं नाहीतर जवळच्या नातलगाचं, नैसर्गिक आपत्ती, अशी मोजकी कारणं. काढणी लांबली, सातपूर-अंबडच्या कंपनीनं रजा नाकारली, चुलतभावाच्या लग्नाची तारीख बदलली, कुंभमेळ्यात घरी पाहुणे आले, यातलं एकही कारण त्यात बसत नाही. नाशिकमध्ये तारखा बदलतात त्या याच कारणांनी. ज्या कारणानं माझी सहल हलणार त्याला संरक्षण नसेल तर मी तीन महिने आधी पैसे का अडकवू?

शिवाय ‘पुढे ढकलणं’ म्हणजे ‘रद्द होणं’ नव्हे. तारीख बदलाचं शुल्क आणि भाड्यातला फरक बऱ्याच पॉलिसींत ट्रिप कॅन्सलेशनखाली मिळतच नाही.

पांडवलेणी_पायथा
शेवटचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण घरात ७५ वर्षांचे आईवडील असतील, तीन लाखांचं परत न मिळणारं टूर पॅकेज घेतलं असेल, तर तुमचा हिशेब उलटतो. परतावा न मिळणारी रक्कम जितकी मोठी, तितका विमा लवकर. हॉटेल फुकट रद्द होणारं आणि तिकीट बदलता येणारं असेल तर तुमचं खरं, शेवटी घ्या.

मिसळ_जहाल
दोघंही शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा, विसरलात. तिथे ‘शेवटी घ्या’ चालतच नाही. अर्जासोबतच विमा लागतो: किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण, सगळ्या शेंगेन देशांत चालणारं, मुक्कामाचे सगळे दिवस झाकणारं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे विमाही तेव्हाच घ्यावा लागणार.

आता तारीख बदलायची तर आधी पासपोर्टवरचं स्टिकर बघा. त्यावर पासून-पर्यंतच्या तारखा आणि मुक्कामाचे दिवस असे दोन वेगळे आकडे असतात. नवी सहल त्या दोन तारखांच्या आत बसते का? बसत असेल तर फक्त विमा सरकवा. बसत नसेल तर व्हिसाच नवा, प्रौढाला ९० युरो पुन्हा. मग आधी विमा सरकवण्यात अर्थ नाही, नव्या अपॉइंटमेंटची तारीख मिळेपर्यंत प्रवासाची तारीख तरी कुठे पक्की असते? फक्त जुनी सुरुवातीची तारीख जवळ आली असेल तर अंदाजानं दोन महिने पुढे सरकवून ठेवा, पॉलिसी चालू होऊ देऊ नका.

एक आचरटपणा ऐकू येतो, तोही सांगतो. व्हिसा मिळाला की विमा रद्द करून पैसे परत घ्यायचे. सीमेवरचा अधिकारी विम्याचा कागद मागू शकतो. आणि तिथे पाय मोडला तर बिल कोण भरणार, हा प्रश्न उरतोच.

व्हिसा नाकारला गेला तर गोष्ट वेगळी. नकाराचं पत्र जोडलं तर बऱ्याच कंपन्या किरकोळ शुल्क कापून प्रीमियम परत करतात. म्हणजे ‘नॉन-रिफंडेबल’ हा शब्दही सगळीकडे सारखाच कडक नसतो.

गोदाकाठ
मग फ्री लुकचं काय? आरोग्य विम्याला ३० दिवस मिळतात ना, पॉलिसी पटली नाही तर परत करायला? तेच इथे लावा की.

सातपूरकर
लागत नाही. फ्री लुक एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या पॉलिसीला नाही. १४ दिवसांची सिंगल ट्रिप त्यात येतच नाही.

वर्षातून दोन-तीनदा बाहेर जाणाऱ्यांनी, विशेषतः निर्यातदारांनी, अॅन्युअल मल्टी-ट्रिप बघावी. वर्षभरात कितीही फेऱ्या, प्रत्येक फेरीला ३०, ४५ किंवा ६० दिवस अशी मर्यादा. तारीख बदलली तर कुणाला कळवायची गरज नाही, प्रवास पॉलिसीच्या वर्षात बसला की झालं. एकाच सहलीसाठी मात्र ती महाग पडते.

इंदिरानगर_जॉगिंग
वय बघायला विसरू नका. प्रीमियमचे टप्पे वयाप्रमाणे असतात. फेब्रुवारीची पॉलिसी एप्रिलवर नेली आणि मार्चमध्ये बाबा पुढच्या टप्प्यात गेले, तर दिवस तेवढेच असूनही फरक भरावा लागू शकतो. काही ठिकाणी वरच्या वयाला विमा संरक्षणाची रक्कम, म्हणजे सम इन्शुअर्डही, कमी होते. सुधारित शेड्युल आल्यावर नुसत्या तारखा बघू नका, सम इन्शुअर्डचा आकडाही बघा.

आणि मधल्या काळात कुणाला नवीन आजार निघाला असेल, रक्तदाबाची गोळी सुरू झाली असेल, तर ते त्याच मेलमध्ये कळवा. लपवलेलं क्लेमच्या वेळी बरोबर बाहेर येतं.

कॉलेजरोड_कट्टा
आणि तारीख उलटूनच गेली असेल तर? लोक तिकीट बदलतात, विमा विसरतात. निम्म्यांची तीच रड आहे.

पांडवलेणी_पायथा
तेव्हा सरकवणं संपलं, परतावा मागायचा. प्रवास झालाच नाही हे सिद्ध करावं लागतं: पासपोर्टच्या सगळ्या पानांची प्रत, कोऱ्या पानांसकट, आणि विमान कंपनीकडून तिकीट रद्द किंवा बदलल्याचा कागद. यासाठी मुदत असते, ती पॉलिसीच्या ‘कॅन्सलेशन’ कलमात लिहिलेली असते आणि थोड्याच दिवसांची असते. ती गेली तर पैसे गेले, भांडायला जागा फारशी राहत नाही.

मुदतीत मागूनही नकार आला तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपाल. नाशिक जिल्हा पुण्याच्या कार्यालयाकडे येतो. अर्ज ऑनलाइन होतो, शुल्क नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत करायचा.

गोदाकाठ
४,८०० रुपयांसाठी पुण्याच्या लोकपालाकडे. कंपन्यांना हेच ठाऊक आहे, म्हणून तर कलम एवढं बारीक छापतात. तारीख सरकवता येते हे मला आज पटलं, पण मग पॉलिसीच्या पहिल्या पानावर ‘नॉन-रिफंडेबल’ ठळक आणि ‘तारीख बदलता येईल’ सतराव्या पानावर, असं का? माझा मूळ राग तिथेच आहे.

सातपूरकर
त्या रागाबद्दल वाद नाही.

मिसळ_जहाल
सरकवताना होणारी एक चूक राहिली. मुंबईहून युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर २० एप्रिल, रात्री १:२५. लोक पॉलिसी २० पासून मागतात. पण नाशिकहून निघणार १९ च्या दुपारी, कसारा घाट उतरून विमानतळावर रात्री नऊला, आणि पासपोर्टवर शिक्का बसणार १९ तारखेला, साडेदहा-अकराला. म्हणजे प्रवास १९ ला सुरू झाला आणि पॉलिसी २० ला.

इंदिरानगर_जॉगिंग
मग १९ पासून घ्यायची? एक दिवस वाढला तर फरक भरावा लागेल ना?

मिसळ_जहाल
हो, १९ पासूनच. परतीचं विमान मुंबईत ३ मेच्या पहाटे उतरत असेल तर १९ ते ३ म्हणजे १५ दिवस. वरच्या मेलमधला १४ चा आकडा तसाच उतरवू नका, बोटं मोजून टाका.