बसस्थानक हलविण्याच्या प्रस्तावावर हरकत कशी नोंदवावी?

पळसफूल
नागपूरच्या पश्चिम भागात आमच्या वस्तीला लागून एसटीचे एक लहान बसस्थानक असून काटोल-कळमेश्वर भागातील खेड्यांच्या गाड्या तेथे थांबतात. ही जागा व्यापारी संकुलासाठी मोकळी करावी आणि सर्व गाड्या गणेशपेठच्या मध्यवर्ती स्थानकावरून सोडाव्यात, असा प्रस्ताव असल्याचे आम्हाला कळले आहे. नकाशावर हे अंतर किरकोळ दिसते. मात्र आज येथे उतरून पायी कामावर, कॉलेजात किंवा दवाखान्यात जाणाऱ्या माणसाला उद्या शहराच्या मध्यापर्यंत जाऊन, तेथून ऑटोने उलट याच भागात परतावे लागेल. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. पण या सवलती ऑटोवाल्याकडे चालत नाहीत. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईचे वाचलेले पैसे असे रोज ऑटोत जाणार असतील, तर तिच्या हाती काय उरले? या प्रस्तावाला आमचा ठाम विरोध आहे. तो कोणाकडे आणि कोणत्या स्वरूपात नोंदवावा, याचे मार्गदर्शन हवे आहे.

नझूल
सर्वप्रथम जागा कोणाच्या मालकीची आहे आणि शहराच्या विकास आराखड्यात ती कशासाठी आरक्षित आहे, हे पाहा. आरक्षण बसस्थानकाचे असेल, तर ते परस्पर बदलता येत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ नुसार असा फेरबदल करण्यापूर्वी राजपत्रात सूचना प्रसिद्ध करून एक महिन्याच्या मुदतीत हरकती व सूचना मागवाव्या लागतात, त्यांवर सुनावणी घ्यावी लागते आणि त्यानंतरच प्रस्ताव शासनाच्या मंजुरीसाठी जातो. ही हरकत कोणतीही व्यक्ती घेऊ शकते. ती नागपूर महापालिकेच्या हद्दीतच राहणारी असावी, अशी अट नाही. तुमच्या प्रकरणात मला हेच सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण स्थानक गेल्याने ज्यांचे खरे नुकसान होणार आहे ते लोक हद्दीबाहेरच्या खेड्यांत राहतात आणि शहरात लागलेली सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही.

सूचना अद्याप निघाली नसेल, तर माहितीच्या अधिकारात प्रस्तावाची प्रत आणि त्यामागील कारणे मागवा. माहितीचा अधिकार अधिनियमाच्या कलम ४ प्रमाणे निर्णयाची कारणे बाधित व्यक्तींना कळविणे प्राधिकरणाचे कर्तव्यच आहे. अर्जाला दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत बसावा, हे मात्र विसरू नका. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते.

फलाट क्रमांक ३
मी अनेक वर्षे वाहतूक नियंत्रक म्हणून काम केले आहे. "स्थानक गेले तरी रस्त्यावर थांबा देऊ," असे तुम्हाला सांगितले जाईल. ते मान्य करू नका. रस्त्यावरच्या खांबापाशी गाडी वळवायला जागा नसते, त्यामुळे तेथून फेरी सुरू करता येत नाही आणि गाडी शहरातून भरून येते. संध्याकाळी मागे उभी असलेली मुले राहून जातात. पुढची गाडी कधी येईल किंवा आजची रद्द झाली का, हे विचारायला तेथे नियंत्रक नसतो. शेवटची मुक्कामी गाडी चुकली, तर खेड्यातल्या मुलीने थांबायचे कोठे? पाणी, स्वच्छतागृह, डोक्यावर छत आणि रात्रीचा दिवा, यांपैकी काय त्या खांबापाशी मिळणार आहे, हे हरकतीत स्पष्ट विचारा. प्रत्येक गावाची शेवटची गाडी कोणती, तेही लिहा. वेळापत्रकाला उत्तर देणे टाळता येत नाही.

वर्धा रोड
दुसरी बाजूही विचारात घ्यावी, ही विनंती. २३ सप्टेंबर २०२३ च्या अतिवृष्टीत नाग नदीला पूर येऊन सीताबर्डीच्या मोर भवन स्थानकात पाणी शिरले आणि तेथील बस पाण्यात अडकल्या. एखादी जागा खरोखर धोक्याची असू शकते, तसेच स्थानकाच्या तोंडाशी होणाऱ्या वाहतूक कोंडीचा त्रास रहिवाशांनाही होतो. म्हणून केवळ "हलवू नका" एवढेच न लिहिता, कारण कोंडीचे असेल तर प्रवेश आणि निर्गमनाचे मार्ग वेगळे करता येतील का, असे विचारावे. संकुलच बांधायचे असेल, तर तळमजला स्थानकासाठी राखण्याची आणि बांधकामाच्या काळातील पर्यायी जागा आधी सुरू करण्याची अट लेखी मागावी.

पळसफूल
सर्वांचे मनापासून आभार. तळमजल्याची मागणी आम्ही दुय्यम म्हणून ठेवू. कोंडीचे कारण अद्याप कोणी लेखी दिलेले नाही आणि संकुलाचे कारण आम्हाला मान्य नाही. माहितीचा अर्ज याच आठवड्यात जाईल. त्याचबरोबर या गाड्यांवर अवलंबून असलेल्या गावांच्या सरपंचांना भेटून ग्रामसभेत ठराव घ्यावा, अशी विनंती करणार आहोत. कलम ३७ ची सूचना निघाल्यास एक महिन्यात गावोगावी फिरणे जमणार नाही, म्हणून हरकतीचा नमुना आताच मराठीत तयार करीत आहोत. त्यात प्रत्येकाने आपले गाव, आपली गाडी आणि येथे उतरून आपण कोठे जातो, हे स्वतःच्या शब्दांत लिहावे, एवढीच जागा रिकामी ठेवली आहे. नझूल आणि फलाट क्रमांक ३ यांनी हा मसुदा एकदा तपासून दिला, तर मोठे साहाय्य होईल.