मदत हवी आहे: बंद पडलेल्या फर्मचा जुना सीडी गेम कुणीतरी विकायलाय, पैसे नेमके कोणाचे?

कोडेवाला_जिंतूर:
नमस्कार मंडळी. मी मूळचा जिंतूरचा, सध्या छत्रपती संभाजीनगरात डिझाइनची कामं करतो. कायद्यातलं किंवा गेमच्या धंद्यातलं कळणाऱ्यांनी जरा वाट दाखवा.

२००३-०४ च्या सुमारास, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, दोन भागीदारांच्या एका छोट्या फर्मनं लहान मुलांसाठी मराठी कोड्यांचा सीडी गेम काढला होता. त्यातली चित्रं माझी, संगणकावर कोरलड्रॉ या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेली. चित्रामागं ठरलेले पैसे, व्हाउचरवर सही, विषय संपला. कोडी माझ्या मामींची. मामी झेडपी शाळेत बाई होत्या, कोडी त्यांनी स्वतः रचलेली. त्यांना एकरकमी काहीतरी मिळालं होतं. प्रोग्रामिंग करणारा पोरगा तेवढा पगारावर. लेखी करार कुणाशीच नाही. पुढं फर्म बंद पडली. एक भागीदार वारले, दुसरे पुण्याला लेकाकडं राहतात.

आता भाच्यानं एक जाहिरात पाठवली. 'विंडोज ११ वर चालणारे जुने गेम' म्हणून पेनड्राइव्ह विकायलेत. त्यात रोड रॅश, आयजीआय यांच्या रांगेत आमचा गेम! चित्रावर माझाच मोर. फर्मचं नाव पुसलंय. मामींचं नाव तर सीडीच्या कव्हरवरही नव्हतं, हे मला तेव्हाही खटकलं होतं.

विक्रेत्याला फोन केला तर म्हणतो, "कंपनी बंद म्हणजे मालक कोणी नाही, हे ॲबँडनवेअर, म्हणजे बेवारस सॉफ्टवेअर आहे." खरंय का हे? आम्हाला पैशाची हाव नाही. मामींचं म्हणणं, गेम झेडपीच्या शाळांना फुकट द्यावा. पण तसं द्यायचा हक्क तरी आमच्याकडं आहे का?

काळा_कोट_लातूर:
विक्रेता थापा मारतोय. ॲबँडनवेअर नावाची कुठलीही सूट आपल्या कॉपीराइट कायद्यात (१९५७) नाही. लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं हक्क राहतो, दुकानाचं शटर पडलं म्हणून तो संपत नाही. नोंदणी केलेली नसली तरी हक्क असतोच.

पण दादा, तुमच्या गेमचा मालक एक नाही. कलम १७ बघा. पगारी माणसानं नोकरीत लिहिलेला प्रोग्राम मालकाचा, म्हणजे फर्मचा. मामी पगारावर नव्हत्या, त्यांनी लेखी काही सोडून दिलं नाही, तर कोड्यांचा कॉपीराइट मामींचाच. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर सहीचा कागद लागतो, कलम १९. एकरकमी पैसे घेतले म्हणून हक्क गेला असं होत नाही. फर्मला फार तर सीडीत वापरायची परवानगी होती, असं धरता येईल.

कोडेवाला_जिंतूर:
मग चित्रंही माझीच ना? मीही पगारावर नव्हतो.

काळा_कोट_लातूर:
तिथंच खुट्टी आहे. कलम १७ मध्येच म्हटलंय की कुणी पैसे देऊन सांगून 'पेंटिंग' किंवा पोर्ट्रेट काढून घेतलं, तर वेगळा करार नसताना पहिला मालक पैसे देणारा. कोरलड्रॉवरचा मोर त्यात बसतो का, यावर समोरचा वकील भांडेल. म्हणून माझा सल्ला, मोराला पुढं करू नका, कोड्यांना करा. तुमची भक्कम बाजू मामी आहेत.

सेव्हगेम_नांदेड:
कायदा वकीलसाहेब सांगतीलच, धंद्याचं मी सांगतो. बाहेरही हेच चालतं, फक्त आकडे मोठे. लुकिंग ग्लास हा गेम बनवणारा अमेरिकी स्टुडिओ २००० मध्ये बंद पडला. त्यांच्या सिस्टिम शॉक २ या गेमचे हक्क फिरत फिरत एका विमा कंपनीकडं गेले! स्टीफन किक नावाच्या माणसानं त्यांना गाठून परवाना घेतला, २०१३ मध्ये गेम जीओजी या गेमच्या ऑनलाइन दुकानात आला. म्हणजे पैसे वाटले गेले ते दुकान, परवानाधारक आणि विमा कंपनी यांच्यात. ज्यांनी रात्री जागून गेम बनवला, ते पगारावर होते आणि पगार कधीच संपला होता.

उलटं उदाहरण नो वन लिव्ह्ज फॉरेव्हर या जुन्या गेमचं. हक्क तीन मोठ्या कंपन्यांमध्ये असे अडकलेत की याच किकला खटपट करूनही परवानगी मिळाली नाही. त्यामुळं कायदेशीर मार्गानं कमवत कोणीच नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या गेमचा इतिहास जपणाऱ्या संस्थेच्या २०२३ च्या अभ्यासानुसार अमेरिकेत २०१० आधी निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. पेनड्राइव्हवाले याच पोकळीवर जगतात. खरं सांगायचं तर त्यांच्यामुळंच काही गेम टिकलेत, पण म्हणून मामींचं नाव पुसून पैसे खायचे?

काळा_कोट_लातूर:
शाळांना फुकट द्यायचं असेल तर प्रोग्रामपुरती फर्मची संमती लागेल. भागीदारी असल्यानं पुण्याच्या काकांची सही घ्या आणि वारलेल्या भागीदारांच्या वारसांचीही. एका पानावर, कोणती वस्तू, कशासाठी, किती काळ, असं स्पष्ट लिहा. काळ लिहिला नाही तर कायदा पाचच वर्षं धरतो. जाहिरात ज्या साइटवर आहे तिथं कोड्यांच्या नावानं कॉपीराइटची तक्रार टाका, तक्रारदार मामी.

कोडेवाला_जिंतूर:
आभार दोघांचे. मामींकडं कोड्यांची मूळ वही आहे, खाडाखोडीसकट. तिचे फोटो तक्रारीसोबत जोडतो. पुण्याच्या काकांना रविवारी फोन लावतो. संमतीपत्राचा मराठी नमुना कुणाकडं असेल तर इथंच टाका, आणि वारसांच्या सह्या स्टॅम्प पेपरवर घ्याव्या लागतील की साध्या कागदावर चालतात, तेवढं सांगा.